गरम पाण्याची वही : फोंड्यातल्या घरात हीट पंप

१० नोव्हेंबर २०२४

तिन्ही न्हाण्यांतल्या गीझरच्या वायरी आज एका वेगळ्या मीटरवर घेतल्या. पाहुण्यांच्या खोल्या सुरू केल्यापासून बिल का फुगतं यावर घरात दोन वर्षं नुसती चर्चा चाललीय. आता महिनाभर मोजायचं आणि मगच बोलायचं.

घर गोव्यात फोंडा तालुक्यातलं, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) उतारावर, चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं. माणसं सहा: आई (माझ्या सासूबाई), काकी, आम्ही दोघं आणि मुलं. राजांगणापलीकडच्या (घराच्या मधल्या चौकापलीकडच्या) दोन खोल्यांत देवदर्शनाला किंवा मसाल्याच्या बागा बघायला आलेले पाहुणे उतरतात, सरासरी तीन धरायचे. सकाळी साडेसहाला तिन्ही गीझर एकदम लागतात. दोन-दोन किलोवॅटचे तीन, म्हणजे सहा झाले. त्यात विहिरीचा पंप चालू झाला आणि कुणी मिक्सर लावला की ३२ अँपिअरचा मेन स्विच पडतो, आणि कुणीतरी साबण लावलेल्या अंगाने अंधारात उभं राहतं. वायरमनने थ्री-फेज कनेक्शन आणि नव्या वायरिंगचे ४० हजार सांगितले. तीनपैकी दोन गीझर बारा वर्षांचे आहेत, तेही बदलायला झालेत.

सौर हीटरचा विचार झाला होता. पण छपरावर माडांची आणि पोफळींची सावली दिवसातून निम्मा वेळ असते, आणि पावसाचे चार महिने तर धराच. त्यासाठी झाडं तोडायची नाहीत हे ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मलाही ते पटतं. म्हणून आता विचार हीट पंपाचा, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राचा.

१० डिसेंबर

तीस दिवसांत गीझरनी २११ युनिट घेतले, रोज सातच्या वर थोडे. बिलातले सगळे आकार धरून मी हिशेबाला ६ रुपये युनिट धरते, म्हणजे महिन्याला १२६६ रुपये.

दुसऱ्या बाजूने हिशेब केला. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६३ वॅट-तास लागतात. घरच्यांची बादली साधारण २२ लिटरची, पाहुण्यांचा शॉवर ४५ लिटरचा, विहिरीचं पाणी २६–२७ अंश, अंगावर घ्यायचं ४१ अंश. स्वयंपाकघर धरून रोजची खरी गरज ५.३ युनिट उष्णता. उरलेलं पावणेदोन युनिट गीझरच्या पत्र्यातून हवेत जातं, कारण ते दिवसभर चालूच राहतात. उष्णता आणि वीज दोन्ही युनिटातच लिहिणार आहे, म्हणजे तुलना सोपी.

१४ डिसेंबर

धाकट्या दिरांशी तासभर बोलले. ते जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतात. जुन्या घरातला गॅस बॉयलर काढून त्यांनी मागच्या वर्षी हीट पंप लावलाय, पण घर तापवायला. बाहेर उणे पाच आणि खोल्यांत वीस, हा त्यांचा प्रश्न. आमच्याकडे जानेवारीतही शाल पुरते. पण यंत्र तेच, आणि त्यातलं भौतिकशास्त्रही तेच.

ते म्हणाले, “वहिनी, कंपनी कुठली ते नंतर बघा. पाणी किती अंशाला मागणार ते आधी ठरवा.” पहिल्या हिवाळ्यात त्यांनी रेडिएटरना (गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या पत्र्याच्या पेट्यांना) ५५ अंशाचं पाणी सोडलं, तर एका युनिट विजेमागे २.९ युनिट उष्णता मिळाली. यंदा दोन खोल्यांत मोठे रेडिएटर बसवून ४७ अंशांवर आणलं, तर आतापर्यंतचा आकडा ३.४ आहे. यंत्राला हातही लावला नाही. त्यांची हीट पंपाची वीज युनिटला २८ सेंट, गॅस ११ सेंट. बॉयलरची १० टक्के उष्णता धुराड्यातून जाते असं धरलं तर गॅसची उष्णता १२.२ सेंटला पडते. हीट पंपाची आधी ९.७ ला पडत होती, आता ८.२ ला. एका युनिट विजेमागच्या उष्णतेचा आकडा २.३ च्या खाली गेला असता तर गॅसच स्वस्त ठरला असता. थंड देशांत हीट पंपावर इतका वाद का होतो ते यावरून कळतं. घराच्या भिंती आणि रेडिएटर कसे आहेत त्यावर एकाच यंत्राने एकाचे पैसे वाचतात आणि दुसऱ्याचे जातात.

आमच्याकडे गॅसशी तुलना अशी: सिलिंडर १४.२ किलोचा, त्यात साधारण १८० युनिट उष्णता, गॅस गीझरमध्ये त्यातली १४४ पाण्यात उतरते. ८७० रुपये धरले तर सहा रुपये युनिट. म्हणजे विजेच्या गीझरएवढंच. शिवाय बंद न्हाणीत गॅस गीझरने कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. तो विषय संपला.

१५ डिसेंबर

लेक अकरावीत आहे, तिने विचारलं, “एका युनिटातून तीन युनिट? मग ऊर्जा अक्षय्यतेचा नियम?” मी शिकवते त्या वर्गातही हा प्रश्न येतो, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, वाहून आणतो. फ्रिज जसा आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसाच हा अंगणातल्या हवेतली उष्णता टाकीत टाकतो. वीज लागते ती या हमालीला. उंची, म्हणजे दोन्हीकडच्या तापमानातला फरक, वाढली की हमाली वाढते. २७ अंशांच्या हवेतून उष्णता घ्यायला आतला वायू तिच्याहून थंड, समजा १७ अंशांवर उकळावा लागतो. ५५ अंशांच्या पाण्याला ती द्यायची तर तो ६० अंशांवर द्रव व्हावा लागतो. फरक ४३ अंशांचा. कार्नोच्या सूत्राने (ते आदर्श यंत्राची कमाल मर्यादा सांगतं, आणि ६० अंश म्हणजे ३३३ केल्विन) ३३३ भागिले ४३, म्हणजे ७.७, खरं यंत्र त्याच्या निम्म्याच्या आसपास जातं. दिरांकडे बाहेर उणे पाच असताना ५५ चं पाणी मागितलं तर नुसता बाहेरचा फरकच ६० अंशांचा. फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालून ३५ अंशांवर घर तापवलं तर तोच ४०. ही सगळी उंचीची किंमत.

केल्विन या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये हे यंत्र कागदावर मांडलं होतं. त्याच दशकात ऑस्ट्रियात एबेनझे इथल्या मिठाच्या कारखान्यात रिटिंगर या अभियंत्याने वाफ दाबून तिच्याच उष्णतेने खारं पाणी आटवून दाखवलं. आगरवाड्याच्या मिठागरात हेच काम ऊन फुकट करतं, हे सांगितल्यावर लेकीला ते चटकन पोचलं.

२२ डिसेंबर

यंत्र बसलं. २०० लिटरची टाकी, कॉम्प्रेसर तिच्या डोक्यावर. यंत्राचे १ लाख १२ हजार. नळ, इन्सुलेशन, फिरता पंप (पाइपात गरम पाणी फिरवत ठेवणारा) आणि बसवणं मिळून २६ हजार. वीज घेतं साधारण ६५० वॅट, म्हणजे एका गीझरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. मेन स्विचचा प्रश्न आजच मिटला.

आतला वायू आर-१३४ए. तापमानवाढीची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट, म्हणून मला प्रोपेनवालं हवं होतं. दिरांचं तसंच आहे. इथे या मापात मिळालं नाही. असे वायू कमी करायच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला (मॉन्ट्रिअल करारातल्या) भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे, त्यामुळे हे वायू कमी होत जाणार. आमच्या यंत्रातला गळू नये एवढं मात्र आपल्या हातात आहे.

जागेवरून घरात दोन मतं होती. शेवटी कोठीच्या खोलीत ठेवलं. मिरी, सुपारी, सोलं तिथेच असतात आणि पावसात त्यांना बुरशी येते. यंत्र थंड, कोरडी हवा सोडतं, तिचा उपयोग होईल असं मला वाटतं. बघू.

माहितीपत्रकावर सीओपी (एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता) ४.२ आहे. खाली बारीक अक्षरात कसोटीची अट: हवा २० अंश, पाणी १५ पासून ५५ पर्यंत. १५ ते २६ हा सोपा चढ आमच्या नशिबी नाही, विहिरीचं पाणीच २६ चं. उलट हवा त्यांच्याहून गरम. स्वतः मोजल्याशिवाय कळणार नाही.

१२ जानेवारी २०२५

तीन आठवडे झाले. रोजचे ४.५ युनिट. सातावरून साडेचारावर आलो म्हणून सगळे खूश आहेत. मी नाही. ५.३ युनिट उष्णतेला साडेचार युनिट वीज लागत असेल तर यात हीट पंप कुठे आहे?

१९ जानेवारी

सापडलं. काल रात्री दहाला सगळ्यांना नळ बंद ठेवायला सांगितलं, यंत्राचा स्विच काढला, पण फिरता पंप चालू ठेवला. टाकी ५४ अंशांवर होती, सकाळी आठला ४४.५. म्हणजे दहा तासांत २.२ युनिट उष्णता कुणी अंघोळ न करता गेली.

हा पंप बसवणाऱ्या माणसाने आग्रहाने दिला होता. टाकी कोठीत, सर्वांत लांबची न्हाणी राजांगणापलीकडे. नळ उघडताच गरम पाणी यावं म्हणून जाऊन-येऊन ३६ मीटर पाइपातून पाणी चोवीस तास फिरत राहतं. मीटरमागे पाच वॅट गेले तरी १८० वॅट, दिवसाला ४.३ युनिट. सबंध घराच्या अंघोळींना लागते त्याच्या ८० टक्के उष्णता आम्ही भिंतींना देत होतो. शिवाय पंपाची स्वतःची वीज रोज ०.८. आणि फिरून आलेलं कोमट पाणी टाकी ढवळून टाकतं. वर गरम, खाली थंड असे थर राहिले तर यंत्राला खालचं थंड पाणी तापवायला मिळतं, इथे ते सतत ५० च्या पुढच्या कठीण चढावरच चालत होतं.

हे मला बसवायच्या दिवशीच सुचायला हवं होतं. हॉटेलात जिथे दर मिनिटाला कुणीतरी नळ उघडतं तिथे ही रचना ठीक असेल. घरात नाही.

२० जानेवारी

फिरता पंप बंद ठेवून तीच चाचणी: ५४ वरून ५२.३. टाकीचं इन्सुलेशन उत्तम आहे.

२ फेब्रुवारी

पंप काढला नाही. प्रत्येक न्हाणीबाहेर दारावरच्या बेलसारखं एक बटण लावलं. दाबलं की पंप ९० सेकंद चालतो आणि थांबतो. पाइपात अडकलेलं चार लिटर थंड पाणी टाकीत परत जातं, मोरीत नाही. काकींना बटण फार आवडलं, त्या देवाची घंटा वाजवल्यासारखं रोज पहाटे दाबतात. पाहुण्यांसाठी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पाटी लावली.

९ फेब्रुवारी

आज लेकीने आणि मी दिवसभर बसून टप्प्याटप्प्याने मोजलं. टाकी पूर्ण निवू दिली, मग:

३० ते ५० अंश: उष्णता ४.६५, वीज १.२५. म्हणजे ३.७.
५० ते ५५: उष्णता १.१६, वीज ०.४३. म्हणजे २.७.
५५ ते ६०: उष्णता पुन्हा १.१६, वीज ०.४८. म्हणजे २.४.

दिर म्हणाले होते तेच आपल्या कोठीत, आपल्या मीटरवर. यंत्रावर लिहिलेला एकच आकडा हा असा उतरणीचा रस्ता असतो. कुठे थांबायचं ते आपण ठरवतो. अंगावर ४१ चं पाणी घ्यायचं, मग ६० पर्यंत चढवून पुन्हा थंड पाणी मिसळण्यात काय अर्थ? आजपासून ५० वर ठेवलं.

एक अपवाद ठेवला. कोमट साठ्यात लिजिओनेलाचे जंतू वाढू शकतात, आणि घरात ऐंशी वर्षांची बाई आहे. म्हणून दर रविवारी दुपारी टाकी ६० वर नेऊन तासभर धरायची. आठवड्याला एखादं युनिट जास्त जाईल, ते जाऊ दे.

१ मार्च

फेब्रुवारी: ५१ युनिट. रोजचे १.८. साताचे पावणेदोन!

२३ मार्च

शिगम्याच्या गडबडीत मोजणी राहिली. लक्षात आलं की यंत्रातून पडणारं पाणी बाहेर नेणारी नळी उतार न देता बसवलीय, आणि चिऱ्याच्या भिंतीला हातभर ओल आली आहे. पलंबर येऊन उतार काढून गेला. ते पाणी आता बादलीत घेते, मोजायलाही होतं.

४ मे

उन्हाळ्यात रोज एक युनिटभर. घरची माणसं गार पाण्यानेच अंघोळ करतात, विहिरीचं पाणी २८ वर आहे. आई सोडून. आईंना बारा महिने कढतच लागतं, आणि तेही भाणातलं. मागच्या न्हाणीत तांब्याचं भाण अजून चुलीवर बसवलेलं आहे. सोडणं (नारळाची सालं), करवंट्या आणि चुडतं (झावळ्या) कुळागरातली, फुकट. इतकी वर्षं हे घर त्याच्यावरच न्हालं. धुराने त्यांना खोकला होतो म्हणून मी हे यंत्र त्यांच्यासाठीही आणलं होतं. त्या म्हणतात, “भाणातल्या पाण्याला वास असतो, तुझ्या पाण्याला नाही.” मी आता आग्रह सोडलाय. आठवड्यातून चार दिवस त्या नळाचं घेतात, तीन दिवस भाणाचं.

१८ मे

कडकडाट करून वळवाचा पाऊस झाला आणि यंत्राने दोनदा कमी व्होल्टेजची खूण दाखवून स्वतःला बंद करून घेतलं. स्टॅबिलायझर आणि विजेच्या लोळापासून बचाव करणारं उपकरण लावलं, ७ हजार. हा खर्च आधीच धरायला हवा होता. यंत्रातलं सर्किट जळलं असतं तर त्याहून महागात पडलं असतं.

२९ जून

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे कोठीची चाचणी लवकर सुरू झाली. पाच आठवड्यांच्या नोंदींतून जे दिसलं ते माझ्या अपेक्षेहून गुंतागुंतीचं आहे.

बादलीत रोज अडीच ते तीन लिटर पाणी जमतं. हे हवेतून निघालेलं पाणी. एक लिटर बाष्पाचं पाणी होताना ०.६८ युनिट उष्णता सुटते, म्हणजे जवळजवळ दोन युनिट उष्णता नुसत्या दमटपणातून टाकीत आली. युरोपात हाच दमटपणा थंडीत जाळीवर बर्फ होऊन बसतो आणि तो वितळवायला यंत्राला उलटं चालावं लागतं. गोव्याच्या पावसात तो आपल्याला मदत करतो. ५० अंशांपर्यंत ३.७ चा आकडा म्हणूनच पावसातही टिकला.

पण मिरीच्या पोत्यांचं काय? यंत्र चालू असताना खोली २७ वरून २४ वर जाते आणि आर्द्रतामापक ८५ च्या आसपासच राहतो, कधी एक-दोन अंक वर. पहिल्या आठवड्यात मी निराश झाले होते. मग कारण कळलं. हवेतलं पाणी कमी झालं खरं, पण हवाही थंड झाली, आणि थंड हवेची पाणी धरायची ताकद कमी. बाजारातलं डिह्युमिडिफायर हवा थंड करून पाणी काढतं आणि मग तीच हवा पुन्हा गरम करून खोलीत सोडतं. आमचं यंत्र ती उष्णता टाकीत घेऊन जातं. त्यामुळे फायदा दिसतो तो यंत्र थांबल्यावर. दार घट्ट लावून ठेवलं तर तासाभरात चिऱ्याच्या भिंती हवेला पुन्हा २७ वर आणतात आणि आर्द्रता ७४–७५ पर्यंत उतरते. चार तासांनी कौलांच्या फटींतून बाहेरची हवा येऊन पुन्हा ८५.

म्हणून वेळ बदलली. पूर्वी पहाटे एकदाच चालायचं. आता पहाटे दीड तास आणि दुपारी दीड तास, दोन्ही वेळा नंतर दार बंद. कौलांखाली प्लॅस्टिकचं अस्तर लावून घेतलं. मिरीला यंदा अजून बुरशी नाही. सुपारीच्या एका पोत्याला आली, ते भिंतीला टेकलेलं होतं.

१३ जुलै

शेजारच्या वाड्यावरच्या एकांनी विचारलं, घ्यावं का? त्यांना हिशेब लिहून दिला, तोच इथे.

वर्षाची बचत: थंडीचे चार महिने रोज ५.२ युनिट, पावसाचे ४.२ च्या आसपास, उन्हाळ्याचे २.७. मिळून साधारण १४६० युनिट, म्हणजे ८७६० रुपये. खर्च १ लाख ३८ हजार. नवे तीन गीझर घ्यावेच लागले असते, त्यांचे २७ हजार वजा. राहिले १ लाख ११ हजार. वसूल व्हायला पावणेतेरा वर्षं. थ्री-फेजचे वाचलेले ४० हजारही वजा केले तर आठ वर्षं. स्टॅबिलायझर धरला तर नऊच्या जवळ.

विकणारे दोन-तीन वर्षं सांगतात. सहा रुपये युनिटच्या घरगुती दराला, नऊ माणसांच्या घरात ते होणार नाही. शेजाऱ्यांना मी स्पष्ट सांगितलं: दोघांचंच घर असेल, गीझर वेळेवर बंद करायची सवय असेल आणि छपरावर ऊन असेल, तर हे घेऊ नका. पाहुणे असतील, लोड अपुरा असेल, सौर जमत नसेल, तर घ्या, आणि टाकी न्हाणीच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवा. मला स्वतःला पैशांपलीकडे एक गोष्ट मोलाची वाटते. गोव्यात वीज जवळपास सगळी बाहेरून येते, बरीचशी दूरच्या कोळशावर तयार झालेली. तापवायला सातऐवजी दोन युनिट लागले तर तिकडे तेवढा कोळसा कमी जळतो. हे मी हिशेबात रुपयांनी धरलेलं नाही.

१० ऑगस्ट

टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा काढून बघितला. आमच्या जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मृदू आणि किंचित आम्ल, पीएचच्या पट्टीवर सहा. आठ महिन्यांत दांड्यावर शेंगदाण्याएवढे खड्डे पडलेत. तो झिजतो म्हणून टाकी वाचते. वर्षाने बदलायचा, नवा मागवून ठेवला.

२७ ऑगस्ट

चवथ. घरात एकोणीस माणसं, पहाटे पाचपासून रांग.

टाकी काल रात्री मुद्दाम ६० वर नेली. ५० च्या पाण्यात थंड मिसळून साधारण २८० लिटर अंघोळीचं पाणी होतं, म्हणजे बारा बादल्या. ६० च्या पाण्यात ४००, म्हणजे अठरा. वर्षभर मी ज्या दहा अंशांवर काट मारली तेच आज कामाला आले. यंत्र मागून तापवत होतं, तरी पाहुण्या मुलांनी शॉवर जरा जास्त वेळ घेतले आणि सतराव्या माणसाला पाणी कोमट आलं.

आईंनी पहाटे चारलाच भाणाखाली सोडणं लावली होती. काकी, मी आणि जर्मनीहून आलेले दिर, आम्ही तिघं भाणातल्या पाण्याने न्हालो. दिर म्हणाले, “वहिनी, याचा सीओपी किती?” आईंनी बाहेरून विचारलं, “काय म्हणतोय तो?”

आजचं वाचन, रात्री अकराला: ४.३ युनिट.
उद्या सकाळी टाकी परत ५० वर.